शेक कुणाला, किती

मिरजेच्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. "शेजारच्या मावशीला पिशवीचाच कॅन्सर होता. तिला शेक दिला, आता भांगलायला जाती. मग मला का न्हाई, डॉक्टर?" मावशीचा आजार गर्भाशयाच्या मुखाचा, विचारणारीचा अंडाशयाचा. घरच्यांच्या लेखी दोन्ही 'पिशवीचे', आणि अवयव शेजारी-शेजारी, हेही खरंच.

मुखाचा कॅन्सर बराच काळ ओटीपोटात ठाण मांडून असतो. बाहेरून पाच आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, मग आतून ब्रॅकीथेरपी. नेम धरता येतो. अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी मात्र पोटातल्या पाण्याबरोबर फिरतात, वर डायफ्रॅमपर्यंत जाऊन रुजतात. म्हणजे शेकायचं तर सगळं पोट. आधीच्या पिढीने तेही करून पाहिलं. अमेरिकेत पोटावर आडवे पट्टे आखून किरण थोडे थोडे पुढे सरकवत. काही ठिकाणी किरणोत्सारी फॉस्फरस थेट पोटात सोडत. पण हिशेब जुळेना. डोळ्यांना दिसेल एवढी गाठ मारायला किरणांचा डोस ५० ग्रेच्या पुढे न्यावा लागतो. मूत्रपिंडं २० च्या आतच दमतात, यकृत तिशीला. १९७८ साली अमेरिकेत सिस्प्लॅटिनला मान्यता मिळाली, पुढे पॅक्लिटॅक्सेल आलं, आणि केमोने हे मैदान मारलं. ते योग्यच झालं, असं रेडिएशनवाला असूनही मी म्हणतो.

आमच्या कामातला खरा वेळ मशीनवर जात नाही, आखणीत जातो. सीटीच्या एकेका कापावर माउसने मूत्रपिंड, मूत्राशय, आतडी गिरवत बसायचं. साधं आतडं हलतं, त्यामुळे रोज वेगळा वेढा किरणांत येतो. अंडाशयाच्या कॅन्सरच्या बायकांचं पोट मात्र शस्त्रक्रियेसाठी आधी उघडलेलं असतं. आतडी चिकटून बसलेली असतात. मग तोच वेढा रोज भाजतो. असा चिकटलेला वेढा स्क्रीनवर दिसला की मी डोस कमी करतो. कधी प्लॅनच मोडतो आणि फाइल केमोवाल्यांकडे परत पाठवतो. नातेवाइकांना वाटतं, डॉक्टरांनी हात वर केले.

तरी आमची गरज पडते. केमो थकल्यावर योनीच्या टोकाशी गाठ उगवते आणि रक्त थांबत नाही. एखादी लसिकाग्रंथी पायाची सूज वाढवते. क्वचित मणक्यात दुखणं उतरतं, रात्री कूस बदलता येत नाही. हाडाच्या अशा साध्या दुखण्याला ८ ग्रेचा एकच शेक पुरतो. दहा वेळा दिला तरी आराम तेवढाच, फक्त एकदाच दिलेल्यांना पुढे पुन्हा द्यावा लागण्याची शक्यता जास्त. जतहून किंवा माणमधून एसटीने येणाऱ्या बाईला मी एकच देतो. त्यावर मुलगा हमखास चाचरत विचारतो, "एवढंच बसतं का हो योजनेत?" सरकारी फुले आरोग्य योजनेचा इथे काही संबंध नाही, हे पटवायला शेकापेक्षा जास्त वेळ लागतो. दोन-चार दिवस दुखणं उलट वाढू शकतं, हे तेव्हाच सांगावं लागतं, नाहीतर रात्री अकराला फोन येतो.

रक्तस्रावाच्या बाईचा शेकानंतर लगेच स्कॅन मी सांगत नाही. सुनेला विचारतो, दिवसात पॅड किती बदलले. पहिल्या दिवशी ती आठ सांगते, आठवड्याने दोन. केसपेपरवर मी तेवढंच लिहितो, आणि पुढची तारीख ऊसतोडीचा हंगाम बघून देतो.