छत्तीसपैकी पाच

सोमवारी रात्री साडेअकरा वाजता मी क्ले थॉम्पसनला बेंचवर बसवलं.

हो, तोच. तेव्हा गोल्डन स्टेट वॉरियर्सचा. तोवर २०१५, २०१७ आणि २०१८ असा तीनदा एनबीए चॅम्पियन झालेला. लांबून बॉल टाकण्यात जगातल्या पहिल्या दोन-तीन जणांत ज्याचं नाव घेतात, तो. आणि त्याला बसवणारी कोण? तर कोथरूडला राहणारी, हिंजवडीत टीम लीड म्हणून खर्डेघाशी करणारी आणि कधीकाळी कॉलेजच्या टीममधून खेळलेली अस्मादिक! तारीख होती २९ ऑक्टोबर २०१८.

बास्केटबॉल कळत नसेल तरी घाबरू नका. फॅन्टसी लीगचा फंडा सोपा आहे. सीझनच्या सुरुवातीला बारा जण ऑनलाइन बसतात आणि आळीपाळीने खरे खेळाडू निवडतात. झाली तुमची टीम. मग ते खेळाडू तिकडे अमेरिकेत जे काही करतील त्याचे आकडे इकडे तुमच्या खात्यात जमा होतात. आमच्या लीगमध्ये नऊ कॉलम होते. पॉइंट्स, रिबाउंड्स, असिस्ट, स्टील, ब्लॉक, थ्री-पॉइंटर, दोन टक्केवाऱ्या आणि टर्नओव्हर, म्हणजे हातचा बॉल घालवणे. हा शेवटचा जितका कमी तितका बरा. दर आठवड्याला एका प्रतिस्पर्ध्याशी सामना. सोमवार ते रविवार. नऊपैकी जास्त कॉलम ज्याचे, तो जिंकला.

आमचा क्लायंट शिकागोचा. २०१७ च्या हिवाळ्यात मी तीन महिने तिकडे ऑनसाइट होते, तेव्हा तिथल्या मंडळींनी मला या नादाला लावलं. पैसाबिसा काही नाही, निव्वळ इज्जत का सवाल. पुण्यात परत आल्यावरही मी लीग सोडली नाही. माझ्या टीमचं नाव ‘सदाशिव पेठ शूटर्स’. शिकागोवाल्यांना ते शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, पण मला उगाचच भारी वाटायचं.

माझ्यासारख्या परदेशस्थ मेंबरांच्या सोयीसाठी आमच्याकडे एक नियम होता. लाइनअप आठवड्यातून एकदाच लावायची. सोमवारची पहिली मॅच सुरू झाली की कुलूप. मग रविवारपर्यंत हात लावता येत नाही. आणि बेंचवर बसवलेल्या खेळाडूने कितीही दिवे लावले तरी त्याचा एक पॉइंटही धरत नाहीत.

तर त्या सोमवारी माझ्यासमोर क्लेचे आकडे होते. पहिल्या सात मॅच. लांबून ३६ प्रयत्न, त्यातले पाच आत. छत्तीसपैकी पाच! शंभरात चाळीसहून जास्त मारणारा हा माणूस. नेहमीच्या हिशोबाने पंधराएक तरी जायला हवे होते. त्याच टीममधल्या स्टीफन करीने २४ ऑक्टोबरला एकाच मॅचमध्ये ११ थ्रीज आणि ५१ पॉइंट मारले होते. म्हणजे टीम तीच, प्रशिक्षक तोच, बॉल तोच. मग याला काय झालंय?

मी ठरवलं, बास. क्लेच्या या आठवड्यात तीनच मॅच. एका फुकट मिळणाऱ्या खेळाडूच्या चार. मी क्लेला खाली ओढलं, त्या चारवाल्याला वर घेतलं आणि निवांत झोपले. निर्णय घेतल्याचं एक समाधान असतं ना, तसं.

खरं सांगायचं तर असा निर्णय घ्यायची त्या दिवशीची माझी ती दुसरी वेळ होती.

पहिला दुपारी चार वाजता घेतला होता. आमच्या टीममध्ये एक मुलगा होता. साताऱ्याचा, म्हणून सगळे त्याला सातारकरच म्हणायचे. वर्षभरापूर्वी कॅम्पसमधून आलेला. कमी बोलणारा, कॅन्टीनमध्ये टोकाच्या टेबलवर डबा उघडणारा. दर शुक्रवारी मी प्रत्येकाचा आठवडा एका शीटमध्ये भरायचे. किती तिकिटं घेतली, किती बंद केली. मग रंग. हिरवा, पिवळा, लाल. सातारकर सलग तीन आठवडे लाल. इतर जण आठवड्याला नऊ-दहा तिकिटं बंद करत होते आणि याची दोन, तीन, दोन.

क्लायंटकडून विचारणा झाली. मग मी मॅनेजरना मेल टाकला. ‘तीन आठवडे सुधारणा नाही. मुख्य मॉड्यूलवरून काढून डॉक्युमेंटेशनला टाकावं.’ पाच ओळींचा मेल. खाली रिगार्ड्स. साडेचारच्या चहाला मी मोकळी.

मंगळवारी सकाळी कंपनीची बस चांदणी चौकात नेहमीप्रमाणे अडकली होती. मी फोन काढला. शिकागोच्या मित्राचे अकरा मेसेज. तो प्रत्यक्ष स्टेडियममध्ये होता. आमच्या पहाटे वॉरियर्स शिकागो बुल्सविरुद्ध खेळले होते, त्याच्या घरच्या मैदानावर.

क्ले थॉम्पसन. १४ थ्री-पॉइंटर. एका मॅचमध्ये इतके एनबीएत तोवर कुणीच मारले नव्हते. आधीचा विक्रम १३ चा, करीचाच, २०१६ मधला. चौदातले दहा तर पहिल्या हाफमध्ये. २७ मिनिटांत ५२ पॉइंट. आणि माझ्या खात्यात? भोपळा!

मी बसमध्ये हायलाइट्स लावले. पहिल्यांदा चरफडत, मग नुसतीच बघत बसले. कारण एक गोष्ट खटकत होती. या माणसाने काहीच वेगळं केलेलं नव्हतं. तोच धावण्याचा कोन, तीच मनगटाची झटक, त्याच जागा. आधीच्या सात मॅचमध्येही तो हेच शॉट घेत होता. फक्त ते जात नव्हते, आणि आज जात होते. मी जर आदल्या दिवशी ‘गेले किती’ ऐवजी ‘घेतले कुठून, किती मिनिटं खेळला, प्रशिक्षकाने बसवला का’ हे बघितलं असतं, तर कळलं असतं. प्रशिक्षकाने त्याला बसवलं नव्हतं. मी बसवलं होतं.

जुने फॅन्टसीवाले हे सांगतातच. आठवड्याच्या आकड्यांत रिबाउंड-असिस्टवर थोडाफार विश्वास ठेवा, टक्केवारीवर सगळ्यात कमी. तीन मॅचमध्ये माणूस वीस शॉट घेतो. वीस शॉट म्हणजे काय हो? चार इकडचे तिकडे झाले की हिरोचा झीरो. गंमत म्हणजे हा खेळ मुळात आठवड्याचा नव्हताच. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलवर अशी लीग सुरू केली, तेव्हा अख्ख्या सीझनची बेरीज धरायचे. आठवड्याची कुस्ती नंतर आली, कारण त्यात थरार जास्त. थरार जास्त आणि माहिती कमी. आता हे वर्णन तुमच्या ऑफिसातल्या कुठल्या गोष्टीला लागू पडतं, ते तुम्हीच बघा.

बस हिंजवडीच्या सिग्नलला पोचेपर्यंत माझ्या पोटात गोळा आला होता. क्लेचा नव्हे.

डेस्कवर जाऊन मी सातारकरची तिकिटं उघडली. आकडे नाही, तिकिटं. एकेक वाचली. एक होतं आठ महिने पडून असलेलं. सर्व्हर मध्यरात्री आपोआप बसायचा, कारण कुणालाच सापडत नव्हतं. तीन सीनियर्सनी हात लावून सोडून दिलेलं. त्याने ते नऊ दिवस खणून बंद केलं होतं. दुसरंही तसंच. मग मी बाकीच्यांची बघितली. ‘बटणाचा रंग बदलला.’ ‘स्पेलिंग दुरुस्त.’ माझ्या शीटमध्ये बटणाचा रंगही एक आणि मध्यरात्रीचा सर्व्हरही एकच. सोमवारी सकाळी रांगेतली सोपी तिकिटं पटापट उचलली जायची आणि हा आपला उरलेली घ्यायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. कुणीतरी घ्यायला हवीत म्हणून.

मी धावतच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. ते शांतपणे म्हणाले, “अगं, क्लायंटला कालच कळवलंय. आता लगेच मागे घेतलं तर आपणच येडे ठरू. पुढच्या क्वार्टरला बघू.”

थोडक्यात, कुलूप लागलं होतं.

संध्याकाळी मी सातारकरला गेटबाहेरच्या टपरीवर घेऊन गेले. दोन कटिंग सांगितले. माफी कशी मागायची हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत, त्यामुळे मी आधी क्ले थॉम्पसनचीच गोष्ट सांगितली. तो हसला. म्हणाला, “मॅडम, मला फक्त क्रिकेट कळतं.” मग मी मेलबद्दल सांगितलं. सगळं. तो ग्लासाकडे बघत राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं.

“मला वाटलं तुम्हाला माहितेय,” तो म्हणाला. “तिकिटं तर तुम्हीच बघता ना. एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

बस, एवढंच. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

तो आठवडा मी लीगमध्ये ५-४ असा हरले. थ्रीजचा कॉलम सहाने गेला. बेंचवर चौदा पडले होते.

आता इथे तुम्हाला वाटेल की पुढे सातारकरनेही ऑफिसात चौदा थ्रीज मारले असतील, टाळ्या, पडदा. तसं काही झालं नाही. होणार कसं? तो डॉक्युमेंटेशनला होता. बेंचवरच्या माणसाचे पॉइंट धरत नाहीत. पुढच्या क्वार्टरला ‘बघू’ म्हणता म्हणता मार्च उजाडला आणि त्याने राजीनामा दिला. बंगलोरची कंपनी. नेहमीसारखा केक, नेहमीसारखं कार्ड. कार्डावर काय लिहावं ते मला सुचेना. ‘ऑल द बेस्ट’ लिहिलं.

क्लेचं म्हणाल, तर तो सीझन संपला तेव्हा त्याची लांबची टक्केवारी होती ४०.२. म्हणजे जवळपास नेहमीचीच. गंमत बघा, त्या चौदावाल्या रात्रीनंतरही त्याचा हिशोब साठपैकी एकोणीसच होता, शंभरात बत्तीससुद्धा नाही. पाच बघून घाबरलेली मी चुकले आणि चौदा बघून नाचणारेही चुकलेच असते. तो माणूस पाचवाला नव्हता आणि चौदावालाही नव्हता. तो चाळीसवाला होता. फक्त ते दिसायला एक आठवडा पुरत नाही.

मी काही साधुसंत झालेले नाही. आठवड्याचं शीट आजही भरते, भरावंच लागतं. पण त्यात मी एक कॉलम वाढवलाय. ‘काय अडलंय?’ हा कॉलम आकड्याने भरता येत नाही. त्यासाठी उठून त्या माणसाच्या डेस्कपाशी जावं लागतं, नाहीतर घरून काम करत असेल तर फोन तरी लावावा लागतो. शुक्रवारचा माझा दीड तास त्यात जातो. आणि सलग लाल दिसला की मेल ड्राफ्टमध्ये ठेवून मी एक रात्र झोपते. दहातल्या काही वेळा तो मेल दुसऱ्या दिवशी जातोच. लाल कधीकधी खरंच लाल असतो. पण निदान वाचून पाठवलेला असतो.

जून २०१९ मध्ये फायनलच्या सहाव्या मॅचला क्लेचा गुडघा गेला. तो बरा होतोय तोवर नोव्हेंबर २०२० मध्ये टाचेची शीर तुटली. दोन अख्खे सीझन बाहेर. ९४१ दिवसांनी, ९ जानेवारी २०२२ ला तो परत मैदानात उतरला. त्या सीझनसाठी टीम निवडताना मी त्याला मुद्दाम घेतलं होतं आणि महिनोन्‌महिने जखमींच्या जागेवर सांभाळून ठेवलं होतं. शिकागोवाले हसले. हसू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर एक मेसेज आला. बंगलोरहून. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

“मॅडम, तुमचा तो बेंचवाला परत आला म्हणे. पेपरात वाचलं.”

मी लिहिलं, “आला. सतरा पॉइंट मारले. आणि या वेळी मी त्याला बसवलं नव्हतं.”

मग थोडा वेळ थांबले आणि आणखी एक ओळ लिहिली.

“तुझं काय चाललंय? सविस्तर सांग. मला वेळ आहे.”