श्वासाने उतरायची बारव

व्हीआर म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर कुणाच्याही डोळ्यांसमोर काय येतं ते वेगळं सांगायला नको. फेस्टचा स्टॉल, लांबलचक रांग, डोक्यावर चढवलेला तो डबा, आत सुरू झालेली रोलर कोस्टर आणि दोन मिनिटांत "बस बस, काढ रे!" अशी ओरड. मजा येते, नाही कशाला म्हणा? पण हाच डबा डोळ्यांवर लावून कुणी पंधरा मिनिटं नुसतं एक झाड बघत राहिलं आणि बाहेर आल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, असं सांगितलं तर आपण सांगणाऱ्यालाच वेड्यात काढू. मित्रांनो, हे खरोखर घडलेलं आहे, आणि तेही १९९५ साली. त्याच्याकडे मी कसा ओढला गेलो, ते सांगतो.

मी कॉम्प्युटरचा विद्यार्थी. चित्रकलेशी माझं नातं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षांपुरतं. स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती, मग सर्टिफिकेट आणि राम राम. माझी मावसबहीण मात्र पुढे रीतसर मुद्राचित्रण शिकली. ताईचं काम मुख्यतः एचिंगचं. तांब्याच्या प्लेटवर मेणासारखा थर द्यायचा, सुईने तो खरवडत चित्र काढायचं आणि प्लेट फेरिक क्लोराइडमध्ये सोडायची. जिथे सुई फिरली तिथेच तांबं खाल्लं जातं. मग त्या खाचांत शाई भरायची, वरची शाई जाळीदार कापडाने पुसून घ्यायची, ओला कागद ठेवायचा आणि सगळं प्रेसच्या रुळांखालून काढायचं. कागद उचलला की चित्र उलटं उमटलेलं असतं. हे सगळं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, ही तर शुद्ध मेकॅनिकल-केमिकलची जॉइंट ब्रँच आहे!

तिचं एक मुद्राचित्र माझ्या फार आवडीचं. आजोळच्या गावची बारव. वीस बाय पंचवीस सेंटीमीटरची प्लेट, त्यात खाली खाली जाणाऱ्या पायऱ्या आणि तळाशी एवढासा पाण्याचा काळा चौकोन. लांबून करडी सावली दिसते आणि जवळ गेलं की कळतं, सावली कुठेच नाही, नुसत्या बारीक रेषा आहेत.

ताईचं शिक्षण संपलं आणि प्रेस सुटला. ही अडचण आपल्यासारख्यांच्या चटकन लक्षात येत नाही. आपला लॅपटॉप आपल्याबरोबर येतो, पण एचिंगचा प्रेस म्हणजे लोखंडी रुळांचं धूड, ते फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार? प्लेटा वर्तमानपत्रात गुंडाळून कॉटखाली गेल्या. काका एकदा सहज म्हणाले, "आता सगळं कॉम्प्युटरवरच कर की. तो प्रेसचा नाद सोड." ते काळजीपोटी म्हणाले, पण त्या दिवशी ताई नीट जेवली नाही.

नेमकं त्याच सुमारास आम्हाला फायनल इयर प्रोजेक्टचा विषय द्यायचा होता. मी म्हटलं, "ताई, तुझी बारव व्हीआरमध्ये करूया का?" ती लगेच म्हणाली, "म्हणजे काकांचंच म्हणणं तू इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगतोयस." मला काही बोलता येईना. तिचा दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. "मी कागदावर जे थांबवलंय, ते तू हलवणार का?"

उत्तर शोधायला म्हणून मी इतिहास वाचायला घेतला, तर मोठी गंमत सापडली. चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ साली स्टिरिओस्कोपवर निबंध प्रसिद्ध केला. आपले दोन डोळे सहा-साडेसहा सेंटीमीटर अंतरावरून दोन किंचित वेगळी चित्रं बघतात आणि मेंदू त्यांतून खोली तयार करतो, हे त्याने दाखवून दिलं. कशाने? फोटोग्राफी जगापुढे जाहीर झाली १८३९ मध्ये, म्हणजे फोटो नव्हतेच. त्याने साध्या रेषांची चित्रं वापरली. पुढे १९६८ मध्ये आयव्हन सदरलँडने डोक्यावर घालायचा, छताला टांगलेला डिस्प्ले केला. त्यात दिसायचे ते हवेत तरंगणारे तारेसारखे आकार, म्हणजे पुन्हा रेषाच. रेखाटन व्हीआरमध्ये पाहुणं म्हणून आलेलं नाही, ते तिथलं मूळचं राहणारं आहे. हे ऐकून ताई पहिल्यांदा हसली.

मग सापडल्या शार डेव्हिस. कॅनडाच्या चित्रकार. मॉन्ट्रियलच्या सॉफ्टइमेज या कंपनीच्या सुरुवातीच्या संचालकांपैकी एक. याच कंपनीचं सॉफ्टवेअर 'ज्युरासिक पार्क'च्या डायनोसॉरसाठी वापरलं गेलं होतं. कॅनव्हासच्या सपाटीत आपल्याला हवी ती खोली मावत नाही, म्हणून त्या कॉम्प्युटरकडे वळल्या आणि १९९५ मध्ये त्यांनी 'ऑस्मोज' केलं. त्यात हातात काहीच नसतं, ना जॉयस्टिक, ना बटण. छातीवर एक जाकीट बांधलेलं असतं. श्वास घेतला की तुम्ही वर तरंगता, सोडला की खाली उतरता, कलाल तिकडे सरकता. डेव्हिस स्वतः पाणबुडी शिकलेल्या, आणि पाण्याखाली शरीर नेमकं असंच चालतं. सुरुवातीला नुसती आलेखासारखी जाळी दिसते. ती विरघळते आणि झाड, तळं, पान, मातीखालची मुळं असं सगळं अर्धपारदर्शक रूपात उलगडत जातं. सगळ्यात खाली गेलं तर खुद्द प्रोग्रामचा कोड भेटतो! साधारण पंधरा मिनिटांचा अनुभव. जो घाईघाईने काहीतरी 'करायला' जातो त्याच्या हाती फारसं लागत नाही, आणि जो श्वासावर येतो त्याला सगळं मिळतं. विपश्यनेला जाऊन आलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

१९९८ मध्ये त्यांनी 'एफेमेअर' केलं. पुढे २०१७ मध्ये लॉरी अँडरसन आणि शिन-चिएन हुआंग यांनी 'चॉकरूम' केलं, म्हणजे काळ्या भिंतींवर खडूने काढलेल्या अक्षरांच्या आणि चित्रांच्या खोल्या, आणि त्यांतून आपण उडत जायचं. त्याला त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात व्हीआरचा पुरस्कार मिळाला. म्हणजे वाट होती, आपल्याला फक्त चालायचं होतं.

ताई तयार झाली, पण अटी घालून. रंग नाही. संगीत नाही. पक्षी उडणार नाहीत, पाणी हलणार नाही. हलणार तो फक्त बघणारा. श्वास सोडला की एक पायरी खाली, घेतला की किंचित वर.

आम्ही मूळ छाप १२०० डीपीआयवर स्कॅन केला. साधारण ११,८०० बाय ९,४०० पिक्सेल, म्हणजे अकरा कोटींच्या वर. श्वासासाठी छातीला ताणाचा सेन्सर बांधला आणि तो आर्डुइनोला जोडला. खरी झुंज झाली ती बारीक रेषांशी. हेडसेटमध्ये मान जराशी हलली की जवळजवळच्या रेषा चमचमायला लागतात. यावर ग्राफिक्समधला नेहमीचा उपाय म्हणजे मिपमॅपिंग: लांबच्या पृष्ठभागावर त्याच चित्राची आधीच बारीक केलेली आवृत्ती वापरायची. त्यामुळे लांबच्या रेषा आपोआप करड्या होतात आणि जवळ जाल तशा वेगळ्या होतात. ताईने हे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, डोळाही असंच करतो ना!" आमच्या गाईड सरांनाही इतकं थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

दुसरा प्रश्न पांढऱ्याचा. कागदाचा पांढरा शांत असतो, कारण त्याच्यावर खोलीतला उजेड पडलेला असतो. हेडसेटमधला पांढरा म्हणजे डोळ्यापासून दोन बोटांवर लावलेला दिवा. इथे ताईने मेझोटिंट समजावून सांगितलं. त्यात आधी सगळी प्लेट खरबरीत करतात, म्हणजे ती पूर्ण काळी छापली जाईल. मग जिथे उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करतात. अंधारातून उजेड काढायचा. आम्ही बारव तशीच केली. सुरुवातीला जवळपास काळोख, आणि नजर जिथे रेंगाळेल तिथे कागदाचा पिवळसर रंग हळूहळू वर येतो.

पण सगळ्यात मोठी गोष्ट तिसरी निघाली. कागदावरच्या बारवेला एकच बाजू असते. व्हीआरमध्ये माणूस मान वळवतो. आपल्या पाठीमागे काय आहे? चित्रात ते नव्हतंच. मी व्हीआरमधल्या ब्रशने नमुन्यादाखल एक भिंत काढली आणि स्कॅनशेजारी ठेवली. फरक आंधळ्यालाही कळला असता. ब्रशची रेषा एकसारखी, तारेसारखी. आम्लाने खाल्लेल्या रेषेची कड कुरतडलेली असते, ती कुठे जाड होते, कुठे तुटते. ती कोडने आणता येईल, पण मग ती ताईची राहणार नाही.

"म्हणजे उरलेल्या तीन भिंतींच्या प्लेटा मला कराव्या लागणार," ताई म्हणाली. "आणि त्या छापायला प्रेस लागणार." हे ती काकांसमोर म्हणाली. काका काहीच बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनीच चौकशी करून एका चित्रकाराच्या स्टुडिओतला प्रेस आठवड्यातून दोन दिवस भाड्याने मिळवून दिला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ताई प्रत्येक छापाखाली पेन्सिलीने आकडा घालते, १/१०, २/१०. दहा झाले की संपलं. "तुझ्या फाइलचे किती?" असं तिने विचारलं. फाइलला संख्या नसते. सध्या आम्ही एवढंच ठरवलंय की खुर्चीसमोरच्या भिंतीवर मूळ छाप टांगायचा आणि तो आधी साध्या डोळ्यांनी बघायचा. हेडसेट त्यानंतर.

दोन भिंती झाल्यात, तिसरीची प्लेट अजून फेरिकमध्ये जायची आहे. प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत या प्रोजेक्टचा 'युज केस' काय असं विचारतील तेव्हा काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. पण कुणाला बघायचं असेल तर शनिवारी दुपारी ग्राफिक्स लॅबमध्ये या. मोबाइल बाहेर ठेवा, पंधरा मिनिटं मोकळी ठेवा आणि जेवण झाल्या झाल्या येऊ नका, पोट भरलेलं असलं की श्वास वरच्या वरच राहतो आणि तळाच्या पाण्यापर्यंत पोहोचता येत नाही.