ट्रकचा डावा कोपरा

बेलवलीत आमच्या घराचा पत्ता विचारलात, तर कोणीही सांगेल, "ते ताऱ्याच्या ट्रकवाल्यांचं घर ना?" आमच्या अंगणात जांभळाच्या झाडाखाली आजोबांचा जुना ट्रक उभा आहे. त्याच्या नाकावर गोलात बसवलेला तीन टोकांचा तारा आहे, मर्सिडीजच्या मोटारींवर असतो तोच. माझ्या वर्गातल्या मुलांना हे खोटं वाटायचं. पण त्यात खोटं काहीच नाही. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ मध्ये संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचं स्वतःचं चिन्ह आलं. आमचा ट्रक त्याच्या आधीचा.

आजोबांनी तो जुनाच विकत घेतला आणि त्यातून विटा वाहिल्या, पेंढा वाहिला, कल्याणच्या खाडीची रेती वाहिली. आता तो रस्त्यावर जात नाही. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा आणि अंगणातल्या अंगणात दहा फूट पुढं, दहा फूट मागं. झाला त्याचा प्रवास! सरकारनं २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी द्यायचा नियम केला, तेव्हा आम्ही फार खूश झालो होतो. मग कळलं, त्यात दुचाकी आहेत, मोटारी आहेत, मालट्रक नाहीत. आजोबा म्हणाले, "ओझं वाहणाऱ्याला कोण मान देतो?"

२०२३ च्या एप्रिलमध्ये माझी नववीची परीक्षा संपली आणि घरात वादाला तोंड फुटलं. उल्हासनगरचा एक भंगारवाला ट्रकचा भाव किलोवर सांगून गेला होता. बाबांना ते पटलं होतं. ट्रकच्या हौद्याचा पत्रा गंजून चाळण व्हायच्या बेतात होता, पावसाळ्यात त्यात पाणी साचून डास होत, आणि अंगणातली निम्मी जागा अडलेली. खरं सांगायचं तर बाबांचं काही चूक नव्हतं.

आजोबा एवढंच म्हणाले, "२००५ आठवतं का?"

२६ जुलै २००५. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण ती गोष्ट मला पाठ आहे. उल्हास नदीचं पाणी चढायला लागलं तेव्हा आजोबांनी तांदळाच्या गोणी, आजीची शिवणयंत्रं आणि शेजारची तीन लहान मुलं ट्रकच्या हौद्यात चढवली, वर ताडपत्री बांधली. त्या मुलांनी रात्र तिथंच काढली. पुढं २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. तेव्हा मी सहावीत होतो. त्या दिवशी ट्रकची चाकं अर्धी बुडालेली मी स्वतः पाहिली आहेत.

शेवटी बाबांनी अट घातली. "या पावसाळ्यात हौदा टिकला तर ट्रक राहील. पत्रा फुटला, तर अण्णा, दिवाळीच्या आधी तो जाणार." आजोबांनी मान हलवली.

इथं माझी आत्या आली. ती अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात काम करते. तिनं सांगितलं, की अमेरिकेत पिकअप गाड्या वापरणारे लोक हौद्याला एक जाड लेप लावतात. पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थात रबराचा चुरा मिसळलेला असतो. साध्या रंगासारखा रोलरनं लावायचा. वाळला, की वर खरखरीत, चिवट कातडी तयार होते. माल घासला तरी पत्रा उघडा पडत नाही आणि पाणी खाली झिरपत नाही.

आमचा हौदा १५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. म्हणजे १०५ चौरस फूट, तेही दोन हात! आत्यानं हिशेब करून डबे आणले. मला वाटलं, रविवारी सकाळी सुरू करू आणि दुपारी आमरस खायला बसू.

कसलं काय! लेप लावायला दोन संध्याकाळी लागल्या आणि त्याआधी गंज काढायला नऊ दिवस.

हे गंज प्रकरण मला आत्यानं समजावलं. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून गंज होतो हे आपण शाळेत शिकतो. खारट पाणी असेल तर काम आणखी झपाट्यानं होतं. खाडीच्या ओल्या रेतीनं आमच्या पत्र्याचं हेच केलं होतं. पण पुस्तकातून माझ्या ध्यानात न आलेली गोष्ट पुढं आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळं रंगाखाली गंज राहिला आणि त्याला ओल मिळाली, तर तो फुगतो आणि वरचा रंग उचलून धरतो. "म्हणून वरून कितीही भारी लेप लावा," आत्या म्हणाली, "खालचा पत्रा लख्ख हवा."

तारेचा ब्रश, खरवडणी आणि पॉलिश पेपर घेऊन मी रोज सकाळी हौद्यात बसायचो. नऊ वाजता पत्रा तापायचा, दहा वाजता बसवत नसे. घामावर गंजाची पूड बसून मी विटेसारखा दिसायचो. पहिले सहा दिवस मी खरंच मन लावून काम केलं. मग राहिला केबिनच्या मागचा डावा कोपरा. तिथं लोखंडी पट्टी आडवी गेलेली, तिच्याखाली हात जेमतेम शिरायचा. शेजारच्या मैदानात क्रिकेटचे सामने चालू होते. मी वरवर ब्रश फिरवला, फडक्यानं धूळ पुसली. संध्याकाळी आत्यानं विचारलं, "सगळं झालं?"

मी म्हणालो, "झालं."

पुढचं काम आत्याचं होतं. तिनं थिनरनं पत्रा पुसून काढला, मग राखाडी इपॉक्सी प्रायमर लावला. आजोबा रेड ऑक्साइडचा आग्रह धरून बसले होते, आयुष्यभर तेच वापरलेलं. आत्या म्हणाली, या लेपातलं द्रावण उग्र असतं, साधा प्रायमर त्यानं सुरकुततो. लेपाचे दोन घटक एकत्र करायची वेळ आली तेव्हा तिनं मला अंगणाच्या पार पलीकडं पिटाळलं. त्याची वाफ छातीला वाईट, म्हणून तिनं स्वतः कारखान्यातला डबीचा मुखवटा आणि हातमोजे घातले होते. मिश्रण एकदा ढवळलं, की घड्याळ सुरू होतं. मे महिन्यात तर ते फारच लवकर घट्ट होतं. रबराचा चुरा तळाला बसतो म्हणून मधूनमधून ढवळायचं, पहिला हात उभा, दुसरा आडवा.

पहिल्या संध्याकाळी हवा अगदी कोंदट होती. सकाळी पाहतो तर फाळक्याजवळ लेपाला अनारशासारखी जाळी पडलेली! लेपातला घटक ओलीशी भेटला, की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, त्याचे ते बुडबुडे. आत्यानं तेवढा भाग घासून काढला आणि दुसऱ्या कोरड्या दिवशी पुन्हा लावला. सगळा हौदा काळाभोर, रस्त्यासारखा दिसू लागला. आजोबा त्यावर अनवाणी चालून आले.

पाऊस आला. जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये एका उघडिपीच्या दिवशी बाबा हौद्यात चढले आणि त्यांनी हाक मारली. डाव्या कोपऱ्यात लेप पुरीसारखा टम्म फुगला होता.

आत्या रविवारी आली, तिनं पाहिलं आणि ती कपाळाला हात लावून म्हणाली, "माझंच चुकलं. त्या दमट संध्याकाळी घाई केली. इथंही बुडबुडे राहिले असणार." बाबा काही बोलले नाहीत, पण बघायचं ते आजोबांकडं बघून झालं. मी तिथंच उभा होतो. हवेचे बुडबुडे कसे असतात ते मी पाहिलं होतं. ही ती जाळी नव्हती. ही पुरी होती, आणि तिच्यात काय भरलंय ते मला माहीत होतं.

मी गप्प राहिलो. दोन दिवस. आत्या गाडीत बसून गेली तरीही.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर आजोबा कोपऱ्यात वाकून पुरी फोडत होते. आतून तपकिरी पापुद्रे निघाले, त्यांना राखाडी प्रायमर तसाच चिकटलेला. मी खाली उभा राहूनच सांगून टाकलं. आजोबा रागावले नसते तर बरं, असं आपल्याला वाटतं. पण ते रागावले. "कंटाळा आला होता तर सांगायचंस. मी खरवडलं असतं," एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.

आत्याला मी फोन केला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अरे, मी कारखान्यातल्या लोकांना विचारत बसले होते, माझं मिश्रण कुठं चुकलं म्हणून." बाबांना समोरासमोर सांगायला मात्र रात्रीचं जेवण उलटून जावं लागलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पत्र्याला भोक पडलंय का?"

पडलं नव्हतं. बाबांनी बॅटरी घेऊन ट्रकच्या खाली झोपून ते स्वतः पाहिलं.

ऑक्टोबरच्या उन्हात मी तो कोपरा पुन्हा धरला. आजोबांनी कुठूनतरी दातांच्या ब्रशएवढा बारीक तारेचा ब्रश शोधून आणला, तो पट्टीखाली नीट जातो. मी घासायचो, ते पाना आपटून आवाज ऐकायचे. भद्द वाजलं की, "अजून आहे." ठण् वाजलं की पुढची जागा. असं चार दिवस चाललं. आत्यानं येऊन ठिगळ लावलं. ते बाकीच्या हौद्यापेक्षा जरा जास्त काळं दिसतं, लांबूनही ओळखू येतं.

दसऱ्याला ट्रक तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाला. दहा फूट पुढं जाताना बाबा केबिनमध्ये आजोबांच्या शेजारी बसले होते. मी हौद्यात, डाव्या कोपऱ्यात.