नाताळची सुट्टी, झाडीपट्टीची रात्र

बाभुळगावच्या शिवारात डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी. सवड कुणालाच नाही. वैनगंगेकडच्या धानपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, मात्र तोवर कापणी उरकलेली असते. हाताशी दोन पैसे, आणि गावाबाहेर धानाची रिकामी बांधी. त्या बांधीतच नाटकाचा मंडप पडतो.

बाभुळगावचे एक शिक्षक नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब सासुरवाडीला गेले ते या नाटकासाठीच. मेहुण्याने फोनवर आधीच बजावलं होतं, "भाऊजी, झोपाले येऊ नका."

कळंब, वर्धा, नागपूर, उमरेड, ब्रह्मपुरी करत वडशाला पोचेपर्यंत दिवस कलला. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. नाटक मंडळ्यांची कार्यालयं इथंच. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावचे प्रयोग इथूनच ठरतात. पूर्वी दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्री नाटक, अशी जोडीच असे.

सासऱ्यांच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. माहेरवाशिणी, त्यांची पोरं, कुठकुठले मामेभाऊ. सासूबाई दुपारपासून चुलीपुढे. लग्नाच्या पोरापोरींवर मोठ्यांची बारीक नजर, कारण सोयरिकीही याच दिवसांत जुळतात. खरं नाटक घरातच सुरू झालं होतं म्हणा ना!

रात्री दहानंतर ऑर्गनचे सूर निघाले, तबला आणि ऑक्टोपॅड त्यात मिसळले. मंडळी जमिनीवर, अंगावर ब्लँकेट. नऊ वर्षांच्या मुलाचं लक्ष मात्र नायकाकडे नव्हतंच. पडद्याआडून एक माणूस वही धरून वाक्यं पुरवत होता.

"बाबा, ते काका त्याले कॉपी पुरवून राह्यले!"

अख्खी रांग हसली. सर तेवढे गप्प.

पण त्या वहीवाल्या काकांशिवाय इथं चालत नाही. हंगामात नट आज या गावात, उद्या त्या. नाटकं वेगवेगळी, तालमीला वेळ कुठला? याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या पुष्कळांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

भावाभावांच्या वाटणीचं नाटक गाण्यांसकट पहाटेपर्यंत चाललं. घरी आल्यावर सासूबाईंनी चहा टाकला. मुलगा अर्धवट झोपेत विचारत होता, "थोरल्याले वावर भेटलं का शेवटी?"

सरांनी बायकोकडे पाहिलं. त्या प्रवेशाला त्यांचाच डोळा लागला होता.