जागेसकट गाणं

मैफलीच्या ध्वनिमुद्रणात गाणं सुरू होण्याआधीचा अर्धाएक मिनिट मी कधीच पुढे सरकवत नाही. तबल्यावर हातोडी पडत असते. तानपुऱ्याची एक तार किंचित उतरलेली असते आणि ती सुरात येईपर्यंत कुणाला घाई नसते. मागे कुणी खाकरतं, कुणी सतरंजीवर सरकून उशिरा आलेल्याला जागा करून देतं, एखादं पोर मोठ्यानं काही विचारतं आणि त्याला गप्प केलं जातं. मग पहिला षड्ज लागतो. माणसांची चाहूल विरते आणि तिच्या जागी त्यांचं ऐकणं ऐकू येऊ लागतं. शंभर माणसं गप्प बसतात ती शांतता रिकाम्या खोलीच्या शांततेपेक्षा निराळी असते, आणि टेपवर हा फरक स्पष्ट उमटतो.

स्टुडिओतल्या गाण्याला मी कमी लेखत नाही. आपलं अर्धं आयुष्य त्याच गाण्यांनी भरलेलं आहे. पण तिथे भिंतींना गादीसारखी आवरणं लावून जागेचा आवाज आधी मारावा लागतो. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात जागा जिवंत राहते. छताची उंची, भिंतींचा पोत, समोरच्या माणसाचं अंतर, सगळं गाण्यात उतरतं. म्हणून जगभर अशा तबकड्यांवर गायकाच्या नावाबरोबर सभागृहाचंही नाव अभिमानानं छापलेलं असतं.

न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये 16 जानेवारी 1938 ला क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनचा जॅझचा कार्यक्रम झाला. 1891 मध्ये उघडलेलं हे सभागृह पाश्चात्त्य अभिजात संगीताचं माहेरघर. लोक ज्या तालावर नाचत, ते संगीत तिथे बसून ऐकायचं, याचंच तेव्हा अप्रूप होतं. रंगमंचाच्या वर मायक्रोफोन टांगला होता. त्याची तार स्टुडिओपर्यंत नेली होती आणि तिथे तबकड्या कोरल्या जात होत्या. पुढे बारा वर्षं ते ध्वनिमुद्रण घरात पडून राहिलं. 1950 मध्ये कोलंबिया कंपनीनं ते बाजारात आणलं आणि मैफल जशी झाली तशी विकत घेऊन ऐकता येते, हे लोकांना उमगलं. ती बारा वर्षं माझ्या मनातून जात नाहीत. एवढं मोठं गाणं आणि घरातल्या कपाटात!

आपल्याकडचं मोठं उदाहरण लता मंगेशकरांचं. मार्च 1974 मध्ये त्या लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. दिलीपकुमार यांनी श्रोत्यांना त्यांची ओळख करून दिली, आणि त्या कार्यक्रमाच्या पुढे दोन लाँगप्ले निघाल्या. अल्बर्ट हॉल 1871 चा. त्याचा प्रचंड घुमट प्रतिध्वनीसाठी बदनाम होता. एकच सूर दोनदा कानावर यायचा. अखेर 1969 मध्ये छताखाली फायबरग्लासच्या मोठमोठ्या चकत्या टांगल्या आणि तो प्रतिध्वनी बराच आवरला. पाच वर्षांनी त्याच चकत्यांखाली लताबाई उभ्या राहिल्या. ज्या आवाजाला आपण स्टुडिओच्या निर्मळ शांततेत ओळखत होतो, त्याला या तबकड्यांवर समोरून हजारो माणसांचं उत्तर मिळतं. परदेशात राहून गेलेल्या, कित्येक वर्षांत गाव न पाहिलेल्या माणसांच्या त्या टाळ्या आहेत. गाण्याइतक्याच मला त्या महत्त्वाच्या वाटतात.

नागपुरातल्या आमच्या महाल भागात असं सभागृह नव्हतं. इथे वाडे होते. भोसल्यांच्या राजवाड्याभोवती सरदार-मानकऱ्यांचे, कारभाऱ्यांचे, भिक्षुकांचे वाडे उभे राहिले आणि नागपूर वाढलं ते याच भागातून. जुम्मा दरवाजा, म्हणजे आताचं गांधी गेट, ओलांडून आत आलं की गाणं कुठे ना कुठे असायचंच. पितृपक्षात भोसल्यांकडे हडपक्या गणपती बसतो. लोक त्याला मस्कऱ्या गणपतीही म्हणतात. अठराव्या शतकापासून ही प्रथा चालत आली आहे. त्याच्यापुढे लावणी व्हायची, खडी गंमत रंगायची, नकला व्हायच्या. त्या डफाचा आवाज राजवाड्याच्या आवारात कसा घुमत असेल, याची आपण आता फक्त कल्पना करायची.

वाड्यातल्या बैठकीचा आवाज मात्र मला ठाऊक आहे. सागवानी खांब, लाकडी तक्तपोशी, जाड मातीच्या नाहीतर विटांच्या भिंती, आणि मधे आभाळाकडे उघडा चौक. अशा जागी सूर घुमत नाही. भिंती आणि सतरंज्या त्याचं टोक मऊ करतात, लाकूड त्याला थोडी ऊब देतं आणि उरलेला आवाज चौकातून वर निघून जातो. त्यामुळे गवय्याला लपायला जागाच नसते. मोठ्या सभागृहात घुमारा दोन सुरांमधली फट भरून काढतो. वाड्यात ती फट उघडी पडते आणि गळ्यानंच भरावी लागते. समोर चार हातांवर जाणकार बसलेला असतो. त्याच्या भुवईची हालचाल गाणाऱ्याला दिसते आणि पुढची तान तिच्यावर ठरते. वाड्यातलं गाणं जे घडायचं ते या अंतरामुळे, असं मला ठामपणे वाटतं.

नागपूरनं गाण्याला काय दिलं हे सांगायला शंकरराव सप्रे यांचं नाव पुरेसं आहे. त्यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात वसंतराव देशपांडे शिकले आणि सी. रामचंद्रही शिकले. एकानं मैफल गाजवली, दुसऱ्यानं सिनेमा. वसंतरावांचा जन्म 1920 चा, मूर्तिजापूरचा, पण गळा घडला नागपुरात. भालजी पेंढारकरांनी 1935 च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांना कृष्ण केलं. पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे ते मारवा शिकले. मग सैन्याच्या हिशेब खात्यात कारकुनी करत त्यांनी उमेदीची वर्षं काढली. 1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ आलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं. त्या नाटकाचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे रंजन कला मंदिरचे आमचे दारव्हेकर मास्तर, तेही नागपूरचेच.

मास्टर दीनानाथ हे वसंतरावांचं दैवत. दीनानाथ आपल्याला ऐकायला मिळतात ते तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर. तेवढ्या वेळात ती वीज चमकून जाते आणि आपण हात चोळत बसतो. भास्करबुवा बखल्यांच्या बाबतीत तर तेवढंही नाही. 1922 मध्ये ते गेले आणि त्यांचा आवाज सोबत गेला. वसंतरावांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. त्यांच्या काळात टेपरेकॉर्डर घरोघरी येऊ लागले होते, आणि मैफलीतले वसंतराव म्हणूनच शिल्लक राहिले. नाट्यगीताच्या तबकडीवर ते चपळ, लखलखीत वाटतात. मैफलीच्या टेपवर धोका पत्करणारे वसंतराव भेटतात. एखाद्या अवघड जागेकडे ते झेपावतात, आपला श्वास अडकतो आणि ते समेवर येतात तेव्हा टेपवरची माणसं आपल्या आधी ओरडतात. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसनं मैफलींतलं आणि खाजगी संग्रहांतलं असं पुष्कळ गाणं कॅसेटवर आणलं. महाराष्ट्रानं त्याबद्दल कायम ऋणी राहावं, इतकं ते काम मोलाचं आहे.

आमच्या घरी एक कॅसेट आहे. पट्टीवर निळ्या शाईनं ‘मारवा’ लिहिलंय, बस्स. गाणारा कोण, माहीत नाही. वसंतराव नक्की नव्हेत, तो गळा लपत नाही. पण जो कोण आहे तो तयारीचा आहे. कोमल रिषभावर तो असा रेंगाळतो की षड्जाची ओढ आपल्यालाच लागते. ध्वनिमुद्रण एका वाड्यातलं आहे, हे सांगायला कुणी नको. आवाजाला घुमारा नाही. सुरुवातीला वर कुठेतरी तुळयांमध्ये चिमण्यांचा कलकलाट चाललाय, म्हणजे वेळ तिन्हीसांजेची, मारव्याचीच. मागे कूलरची अखंड घरघर आहे, म्हणजे नागपूरचा उन्हाळा. मध्येच देवळाची घंटा वाजते. एका तानेवर कुणीतरी न राहवून ‘वा बाप्पा!’ म्हणतो, आणि ही दाद वऱ्हाड-नागपुराबाहेरची असूच शकत नाही. द्रुत बंदिश रंगात आलेली असताना टेप संपते. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, तिला मैफलीची काय पर्वा! दुसरी बाजू लावली की मधला एक तुकडा कायमचा गेलेला असतो. पण ज्या हातानं त्या घाईत कॅसेट उलटली, त्या हाताबद्दल मला फार माया वाटते.

कोणता वाडा, कोणतं साल, तबल्यावर कोण, हे सांगू शकतील अशी आमच्या घरातली माणसं आता उरलेली नाहीत. आणि वाडेही उरलेले नाहीत. केळीबाग रस्ता रुंद होताना दर्शनी भाग पडले, त्याआधी वाटण्या झाल्या, त्याआधी चौकावर स्लॅब पडले. इमारत पडण्यापूर्वी तिचे फोटो निघतात, नकाशे निघतात. तिच्यात माणसाचा आवाज कसा लागायचा, याची नोंद कोण करतं? ती नोंद नकळत या कॅसेटवर झालेली आहे. तो चौक, ती तक्तपोशी, त्या मातीच्या भिंती आता फक्त त्या चुंबकीय फितीवर उभ्या आहेत. सीताबर्डीवरचं विदर्भ साहित्य संघाचं जुनं धनवटे रंगमंदिरही असंच पाडलं गेलं. त्याच्या रंगमंचावरून निघालेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचायचा, हे ऐकायचं असेल तर आता कुणाच्या तरी घरची टेपच शोधावी लागेल.

शहरात सभागृहांची वाण नाही. सिव्हिल लाइन्सला वसंतरावांच्या नावाचं आहे. महालापासून जवळच रेशीमबागेत 2017 मध्ये कविवर्य सुरेश भटांच्या नावानं सुमारे 2000 माणसं बसतील असं सभागृह झालं. तिथे चांगलं गाणं होतं, आणि प्रत्येकाच्या खिशात आज ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे. आजचं गाणं राहील. भीती आहे ती टेप-कॅसेटच्या त्या तीस-चाळीस वर्षांतल्या गाण्याची, जे माजघरात, चौकात, गणपतीच्या मांडवात झालं आणि लोखंडी कपाटात जाऊन बसलं. कॅसेटची फीत चिरंजीव नसते. तिच्यावरचा चुंबकीय थर सुटतो, पावसाळ्यात बुरशी धरते, एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो आणि गाण्याच्या आधीच गाण्याची सावली ऐकू येते.

नोव्हेंबर 1902 मध्ये कोलकात्यात ग्रामोफोनसाठी गौहरजान गायली, तेव्हा गाणं संपताच तिनं स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना गाणारीण कोण हे कळावं म्हणून ही रीत होती. तिचं नाव आज तिच्याच आवाजात आपल्यापाशी आहे. आमच्या मारव्याच्या कॅसेटवर कुणी तेवढं एक वाक्य बोललं असतं, तर तो वाडा आणि तो गवई आज निनावी राहिले नसते.

म्हणून महालातल्या, जुन्या नागपुरातल्या आणि जिथे जिथे वाड्यांत गाणं झालं तिथल्या घरांना माझी विनंती आहे. कपाट उघडा. बुरशी दिसत असेल तर कॅसेट यंत्रात घालू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. डिजिटल प्रत करताना आवाज दाबून लहान केलेली एकच फाइल ठेवू नका, मूळ आकाराचीही ठेवा. कूलरची घरघर, घंटा, खोकला, यांतलं काही पुसू नका. आणि घरात ऐंशीच्या पुढची जी व्यक्ती असेल, तिला जवळ बसवून टेप ऐकवा. वाडा कुणाचा, साल कोणतं, पेटीवर आणि तबल्यावर कोण, दाद देणारा तो आवाज कुणाचा, हे तिच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करून त्या फाइलला जोडून ठेवा. एक प्रत घरात ठेवा आणि एक एखाद्या ग्रंथालयाला किंवा संगीत विद्यालयाला द्या. हे काम याच वर्षी करा. पट्टीवर लिहिताना रागाच्या आधी जागेचं नाव लिहा. राग ऐकून ओळखणारा पन्नास वर्षांनीही कुणीतरी असेल, पण वाडा ओळखणारं कुणी नसेल.