कंत्राट संपलं, किल्ली तिकडेच

गेल्या महिन्यात एका सरकारी कार्यालयाच्या सर्व्हरचा लॉग बघत बसलो होतो. (नाव सांगणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका.) रात्री पावणेदोनला एक लॉगिन दिसलं. खातं कोणाचं? घरपट्टीच्या जुन्या फायली स्कॅन करून देणाऱ्या एजन्सीचं. त्यांचं काम संपून तीन वर्षं झाली!

खातं मीच उघडून दिलं होतं. बंद करा असं कोणी म्हणालं नाही, मीही विचारलं नाही. त्या फोल्डरमध्ये काय काय आहे माहितीये? तुमच्याआमच्या आधारच्या झेरॉक्स, वारसनोंदीचे अर्ज, सह्या.

त्या रात्री फक्त आत येऊन बाहेर गेल्याचं दिसतं, बहुतेक त्यांच्याकडचा एखादा विसरलेला प्रोग्राम असावा. पण जुने लॉग चार आठवड्यांनी आपोआप पुसले जातात. म्हणजे आधीच्या तीन वर्षांचं मी काहीच सांगू शकत नाही.

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "पासवर्ड आहे ना त्याला?" आहे की. पण साध्या एफटीपीत तो पासवर्ड वायरीवरून उघडाच जातो. पोस्टकार्डावर एटीएमचा पिन लिहावा तसा. हा प्रोटोकॉल पहिल्यांदा लिहिला गेला १९७१ मध्ये, लिहिणारे आपले आयआयटी कानपूरचे अभय भूषण. तेव्हा नेटवर्कवर मोजक्याच संस्था, कुलूप कशाला हवं होतं? २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सनेही एफटीपी काढून टाकलं. आपल्याकडे मात्र चालूच.

मग दोन दिवस बसून साफसफाई केली. एसएफटीपीवर एका दिवसात सगळ्यांना नेणं जमणार नव्हतं, म्हणून आधी आहे तिथेच कडी लावली. व्हीएसएफटीपीडीमध्ये युजर लिस्ट नावाची एक फाइल असते. गंमत म्हणजे त्या फाइलीतली नावं परवानगीची की बंदीची, हे दुसऱ्या फाइलीतली एक ओळ ठरवते, आणि मुळात ती यादी बंदीची असते. मी घाईत कामाच्या माणसांची नावं टाकली आणि ती ओळ बदलायला विसरलो. सकाळी अख्खं कार्यालय बाहेर, ती एजन्सी आत! सव्वा तास शिव्या खाल्ल्या. मग ओळ बदलली. आता यादीत नाव असेल तोच आत, आणि प्रत्येकाला फक्त स्वतःचं फोल्डर दिसतं.

खरं काम संगणकावरचं नव्हतंच. आस्थापनेच्या मॅडमना खात्यांची यादी छापून दिली, म्हटलं यातली माणसं कुठे आहेत ते लिहा. अकरा खाती. दोघं रिटायर, तिघांची बदली, एक ती एजन्सी. मॅडम म्हणाल्या, "अहो दादा, बदलीची ऑर्डर तुमच्याकडे कधी येतच नाही ना!" खरंय. आता ऑर्डरची एक प्रत मला येणार, असं तोंडी ठरलंय. लेखी मागितलंय.

एक खातं राहिलं. नाव 'टेस्ट', पासवर्डही 'टेस्ट'. बंद केलंय. कोणी उघडलं होतं, अजून कळलेलं नाही.