बांध फुटण्यापूर्वी

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीवर भंडारदरा येथे 1926 साली पूर्ण झालेले धरण आहे. जलाशय भरत आला म्हणजे सांडव्यातून वेळीच पाणी सोडतात. पाण्यावर कोणी रागावत नाही.

स्वमग्न मुलाच्या मनाचेही असेच असते. स्वमग्नता ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण होय. आवाज, प्रकाश, स्पर्श अशा मुलाच्या मनात फार लवकर साचतात. याच जिल्ह्यातील मढीच्या यात्रेत वाद्यांचा जो गजर इतरांना आनंद देतो, तोच त्याला असह्य होऊ शकतो. मग तो कान झाकतो, येरझारा घालतो, हात हलवीत राहतो. त्यातून त्याला धीर मिळतो. ते थांबवू नये. मात्र ती खूण ओळखून त्याला शांत जागी न्यावे. कोठे जायचे, केव्हा परतायचे, हे आधीच सांगितलेले असावे. एवढ्याने पुष्कळदा उद्रेक टळतो.

तरीही बांध फुटलाच, तर तो हट्ट नव्हे. त्या वेळी रागावू नये, प्रश्न विचारू नयेत, विचारल्यावाचून अंगाला हात लावू नये. गर्दी दूर सारून मुकाट्याने जवळ थांबावे. मागाहून त्याला विश्रांती मिळावी.

कित्येक स्वमग्न माणसे पुढे स्वतःच या खुणा ओळखून वेळीच बाजूला होतात. अशा वेळी इतरांनी त्यांना वाट करून द्यावी.